उसनं नाक

"थांबा जरा," मिस्त्रीची बायको म्हणाली आणि उंबऱ्यावरच उभी राहिली.

दार उघडायला आलेले आजोबा गोंधळले. त्यांनी एका हाताने दार धरलं होतं, दुसऱ्याने स्वेटर गळ्याशी घट्ट ओढला होता. बाहेरच्या वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ही बाई आत यायचं सोडून मान वर करून, डोळे मिटून उभी. आतून कुणीतरी तिला हाक मारली असावी आणि ती नीट ऐकू आली नसावी, तशी.

"काय झालं?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

"वास आहे."

"गॅसचा?"

"छे. गॅसचा असता तर फाटकापासनंच सांगितलं असतं. दुसराच कसलातरी आहे. आत्ता होता, आत्ता गेला."

"अहो, आधी आत या हो," आजोबा काकुळतीला आले. "घर आधीच गारठलंय. वास काय घ्यायचे ते आत येऊन घ्या."

मिस्त्रीने आपली अवजारांची पिशवी उचलली आणि दोघं आत गेली. असल्या स्वागताची आता त्यांना सवय झाली होती.

मिस्त्री म्हणजे सरळ नाकासमोर चालणारा माणूस. उभा जन्म त्याने गॅसचे हीटर उघडण्यात आणि बसवण्यात घालवला. थंडी पडायच्या आधी घरोघर जायचं, हीटरचं तोंड उघडायचं, बर्नरच्या भोकांतली धूळ आणि कोळिष्टकं ब्रशने झाडायची, नळीचा एकेक सांधा तपासायचा आणि मग सावकाश, हळुवार हाताने हीटर पेटवायचा. आधी पायलटची, म्हणजे मोठ्या आगीला पेटवणारी, करंगळीएवढी ज्योत, मग मोठा बर्नर. हे त्याने किती वेळा केलं याची त्याला स्वतःलाच गणती नव्हती. पण 'भप्' असा मऊ आवाज होऊन निळी ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेली की अजूनही त्याचा श्वास क्षणभर अडकायचा. एवढी आग, आणि इतकी शहाण्यासारखी वागते! गार लोखंडाच्या पोटात रांगेत उभी राहते, आणि घरातली माणसं तिच्याकडे पाठ करून निवांत पेपर वाचतात. त्याला याचं फार नवल वाटे.

दोन हिवाळ्यांमागे त्याला ताप आला. आठवडाभर लोळवून ताप गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. आधी त्याच्या ते लक्षातही आलं नाही. जेवण मिळमिळीत लागायचं, तर तो बायकोच्या हाताला नावं ठेवून मोकळा झाला. मग कामावर गेल्यावर पहिल्याच घरी त्याने एका सांध्याला साबणाचा फेस लावला. फेसाचे बुडबुडे बेडकाच्या गळ्यासारखे फुगायला लागले. त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर गॅस गळत होता आणि नाक गप्प होतं. शेजारच्या खोलीतून घरमालकीण ओरडत आली, "अहो, केवढा वास सुटलाय!" तेव्हा त्याने झटकन झडप बंद केली.

घरी येऊन त्याने पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि बायकोला म्हणाला, "संपलं आपलं काम. मी आता आंधळा झालो असं समज."

बायको लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. ती तेव्हा चुलीपाशी होती; हातातलं उलथनं तसंच धरून म्हणाली, "नाक गेलंय ना? हात तर नाही गेले? उद्यापासनं मी येते बरोबर."

"तू? तुला काय कळतं त्यातलं?"

"तुम्हाला कळतं ना? मग तुमचं कळणं आणि माझं नाक. दोघांत मिळून एक मिस्त्री होईल की."

आणि झालाही. गॅसचा पत्ता लावणारं एक छोटं यंत्र मिस्त्रीने घेतलं होतं, साबणाचा फेसही होताच. पण बायकोच्या नाकाशिवाय तो आता कुठलाच हीटर पेटवत नसे. प्रत्येक घरी तो आधीच सांगून टाकायचा, "माझं नाक गेलेलं आहे. हे हिचं नाक आहे. चालत असेल तर आत येतो." लोक हसायचे. 'मिस्त्रीचं नाक हल्ली स्कूटरच्या मागच्या सीटवर बसतं,' ही गल्लीतली लाडकी थट्टा. मिस्त्रीही हसायचा. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

पहिल्याच दिवशी त्याने तिला सांगितलं होतं, की गॅसला मुळात वासच नसतो. तो घाण वास मुद्दाम घालतात, गळला तर माणसाला कळावं म्हणून.

"मुद्दाम घाण करून ठेवतात?" तिने डोळे मोठे केले.

"मुद्दाम."

तिने समोरच्या नळीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "ज्याला हे सुचलं ना, त्याच्या पाया पडायला पाहिजे. न दिसणाऱ्या जनावराच्या गळ्यात घंटा बांधली की हो त्याने!"

त्यानंतर नवल करायची पाळी मिस्त्रीची होती. कारण बायकोचं नाक म्हणजे काय चीज आहे हे इतक्या वर्षांच्या संसारात त्याला ठाऊकच नव्हतं. एखाद्या घरातून बाहेर पडलं की स्कूटरवर मागून तिचा आवाज यायचा. "त्यांच्याकडे परवापर्यंत कुत्रं होतं, आता नाही." "पोरगी अभ्यासाला बसलीय तिकडे, नव्या पुस्तकांचा वास होता खोलीत." "त्या बाईंनी नुकतंच रडून तोंड धुतलं होतं बघा. एवढ्या सकाळी इतका साबण?" मिस्त्री ऐकत राही. या सगळ्या घरांत तो वर्षानुवर्षं जात होता, आणि चांगलं धडधाकट नाक घेऊन जात होता. पण त्याने आयुष्यभर एकच वास शोधला. तो नसला की 'काही नाही' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. त्या 'काही नाही'मध्ये एवढं सगळं होतं हे त्याला नाक गेल्यावर कळलं.

आजोबांचं घर उताराच्या कडेला, एकमजली. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून जुना, कमरेएवढा उंच हीटर. त्याच्या डोक्यातून पत्र्याचं धुराडं निघून मागच्या भिंतीतून बाहेर गेलेलं. सून आतून हात पुसत आली. तिचा चेहरा ओढलेला होता.

"बरं झालं आलात. तुम्ही फोनवर म्हणालात तसा सकाळपासनं बंद ठेवलाय. थंडी लवकर पडली ना यंदा, म्हणून आम्हीच लावून घेतला होता आठ-दहा दिवस. चालतो तसा छान. फक्त त्याच्या काचेवर काजळी धरते."

"हं," मिस्त्री म्हणाला. काजळी त्यालाही दिसली. खिडक्यांच्या काचा आतून रडल्यासारख्या ओल्या होत्या, तेही दिसलं. पण स्वयंपाकघर शेजारीच होतं आणि पातेलं उकळत होतं. त्याने मान हलवली आणि कामाला लागला.

गॅसची झडप बंद केली. हीटरचं तोंड उघडून बर्नर बाहेर काढला. भोकांत वर्षाची धूळ बसली होती, एका नळकांड्यात कोळ्याने नीटनेटकं बिऱ्हाड केलं होतं. बायकोने खाली कागद अंथरला, त्याने सगळं झाडून काढलं. पुन्हा बसवून सांध्यांना फेस लावला. एकही बुडबुडा फुगला नाही. यंत्र फिरवलं, तेही गप्प. मग त्याने सवयीने बायकोकडे पाहिलं.

तिने हीटरभोवती एक फेरी मारली, नाक सांध्यांजवळ नेलं. "गॅस नाही."

"मग पेटवू?"

"पेटवा. पण तो मगाचा वास कसला होता ते काही माझ्या डोक्यातनं जात नाही."

"लवकर पेटवा हो," आजोबा म्हणाले. ते सारखे आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते. "ही आत झोपलीय. तिला थंडी अजिबात सोसत नाही."

मिस्त्रीने गुडघा टेकला. बटण दाबून धरलं आणि काडी पुढे केली. पहिल्या खेपेला ज्योत लागली नाही. त्याने लगेच बटण सोडलं, झडप बंद केली आणि मागे सरून बसला.

"काय झालं? लावा की पुन्हा," आजोबा म्हणाले.

"लावतो. साठलेला गॅस आधी जाऊ दे. गॅसशी हट्ट करायचा नाही, आजोबा. नाही पेटला तर बंद करायचं, थांबायचं, मग पुन्हा विनवायचं."

दुसऱ्या खेपेला पायलट लागला. बटण दाबून धरून तो वाट बघत राहिला, ज्योतीत बुडालेली सळई तापेपर्यंत. मग हळूच बोट उचललं. ज्योत टिकली. त्याने मोठी झडप फिरवली आणि 'भप्' करून निळी रांग धावत गेली. आजोबांनी समाधानाने हात चोळले. सुनेने सुस्कारा टाकला.

मिस्त्री ज्योतीकडे बघत बसला. हीटर जरा तापला की तो धुराड्याची ओढ, म्हणजे ते धूर नीट बाहेर ओढतंय का, ते तपासायचा, त्याची ती नेहमीची रीत होती. पण तेवढा वेळ मिळालाच नाही. निळ्या ज्योतींची टोकं हळूहळू पिवळी व्हायला लागली, आळसावल्यासारखी डुलायला लागली, आणि त्याच वेळी मागून बायकोचा आवाज आला.

"आला. तोच वास. बंद करा."

"कसा आहे?"

"बंद करा आधी!"

तिचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने झडप फिरवली. ज्योत विझली.

"आता सांग. कसा आहे?"

"लाँड्रीत इस्त्रीखाली ओलं कापड राहिलं की येतो ना, तसा. पण तसा नाही. त्याच्यात काहीतरी आंबूस आहे. कोंदट."

"डोळ्यांत झोंबतो?"

"किंचित. घशात जास्त. आणि हा गॅससारखा खालून येत नाही हो, वरनं येतोय. तिथनं." तिने बोट दाखवलं. धुराडं जिथे हीटरच्या डोक्यात बसलं होतं, तिथल्या झाकणाच्या फटीकडे.

मिस्त्रीने त्या फटीकडे पाहिलं. हा वास त्याला माहीत होता. फार पूर्वी, शिकाऊ असताना त्याच्या उस्तादाने एका बंद घरात त्याला तो ओळखायला लावला होता. अर्धवट जळलेल्या गॅसचा वास. आणि उस्ताद म्हणाला होता, की याच्या सोबत एक दुसरा वायू येतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, चव नसते. तो माणसाला झोपवतो. त्याच्यात कुणी वास घातलेला नाही. त्याच्या गळ्यात कुणी घंटा बांधलेली नाही. मिस्त्रीचं यंत्रही फक्त गळणारा गॅस ओळखायचं, याला नाही.

"सूनबाई," तो उठत म्हणाला, "घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

"सगळ्यांचंच. हवा बदललीय ना. माझं तर रोज संध्याकाळी. बाहेर पडलं की जरा बरं वाटतं."

"आणि आजी?"

"त्या झोपूनच असतात हल्ली. आज सकाळी नुसतं हूं म्हणाल्या आणि पुन्हा..."

वाक्य पुरं होण्याआधीच मिस्त्रीने बैठकीची खिडकी सताड उघडली होती. बायकोने दार उघडलं. वारा आत घुसला, पडदे उडाले. "अहो, काय करताय काय! ती गारठून जाईल!" आजोबा ओरडले.

"आजोबा, थंडीने नाही काही होत. चला, उचलू लागा. आधी आजींना बाहेर काढायचंय."

आतल्या खोलीत आजी तीन पांघरुणांखाली पडल्या होत्या. गालांवर लाली होती; बघणाऱ्याला वाटावं, किती सुखाची झोप. सुनेने हाका मारल्या, गदागदा हलवलं. त्यांनी डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. मिस्त्री आणि त्याच्या बायकोने त्यांना पांघरुणांसकट खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच उचलली. आजोबांनी खुर्चीचे पाय धरले होते. ते उचलत होते की नुसते धरून चालत होते ते सांगता येत नव्हतं. अंगणात, भर वाऱ्यात त्यांनी खुर्ची टेकवली. सुनेने दवाखान्यात फोन लावला.

जवळच्याच दवाखान्यातले डॉक्टर ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन धावत आले. मास्क चढवला, नाडी धरली, डोळे तपासले. मिस्त्रीने दोन वाक्यांत काय ते सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "गाडी मागवलीय. सगळ्यांना तपासावं लागेल. हीटर लावून संध्याकाळपर्यंत आत राहिल्या असत्या तर..."

सगळे त्या मास्ककडे बघत होते. पारदर्शक प्लॅस्टिकवर आतून वाफेचा एक ठिपका उमटायचा आणि विरायचा. उमटायचा, विरायचा. मिस्त्रीला वाटलं, इतक्या ज्योती पाहिल्या आपण, पण अशी नाही पाहिली. मग हळूहळू तो ठिपका मोठा होऊ लागला. आजींची बोटं पांघरुणाच्या काठाशी हलली. डोळे उघडले, आणि या वेळी ते उघडेच राहिले. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, झाडाकडे, सुनेकडे. आत्ताच कुणीतरी हे सगळं त्यांच्यासमोर आणून मांडल्यासारखं. बाजूला उभ्या असलेल्या मिस्त्रीच्या बायकोने तोंडावर हात धरला.

"चल," मिस्त्री तिला म्हणाला. "मागे बघू."

घराच्या मागे भिंतीतून बाहेर आलेलं धुराडं वर वळलं होतं. त्याच्या तोंडावरची जाळी कधीच गंजून गळून गेली होती, आणि टोपण एका बाजूला कललं होतं. खाली भिंतीला टेकवून एक स्टूल ठेवलेलं होतं. मिस्त्री त्यावर चढला आणि त्याने नळीत हात घातला. बोटांना मऊ लागलं. ओढून काढलं तर काजळीने काळा झालेला लोकरीचा मफलर.

बायकोने तो हातात घेतला, नाकाशी नेला. पुन्हा एकदा हुंगून पाहिला.

"काय?"

"बामचा वास. काजळीखाली अजून उरलाय. आजोबांच्या अंगाला येतो ना, तोच."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. वारा उतारावरून वर येत होता, कलतं टोपण खडखड वाजवत होता.

"सांगायला तर लागणार," मिस्त्री म्हणाला. "उद्या पुन्हा कुणी कोंबलं तर?"

"सांगा ना. नळी बुजली होती ते सांगा. कुणाचा मफलर ते कशाला सांगायचं?"

पण सांगायची वेळच आली नाही. दोघं पुढच्या अंगणात आली तेव्हा आजोबा खुर्चीशेजारी पायरीवर बसले होते. मिस्त्रीच्या हातातलं ते काळं बोचकं त्यांना दिसलं आणि ते उठून उभे राहिले, शाळेत नाव पुकारल्यावर पोर उभं राहतं तसे.

"मीच घातलाय तो," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "वारा यायचा त्यातनं. ज्योत विझून जायची घडीघडी. हिला कापरं भरायचं. मला वाटलं, थोडं बुजवलं तर ऊब आतच राहील. मला वाटलं..."

"बाबा!" सून एवढंच म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. राग आणि रडू एकमेकांत अडकले होते आणि आधी कुणी बाहेर पडायचं ते ठरत नव्हतं.

आजोबांनी कुणाकडेच पाहिलं नाही. हात लोंबकळत सोडून ते उभे होते. एवढा उंच माणूस, आणि बघता बघता स्वेटरच्या आत लहान झाला.

तेव्हा आजींचा हात वर आला. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

"मीच सांगितलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या.

आवाज चिरका होता, पण शब्द स्वच्छ होते. डॉक्टर मास्क लावायला पुढे वाकले, त्यांना त्यांनी बोटाने थांबवलं.

"मीच म्हटलं, ते भोक एकदाचं बुजवा. ते नाहीच म्हणत होते. मीच मागे लागले."

आजोबांचं तोंड उघडलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि आजोबांनी तोंड मिटलं. सुनेने आजींच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला रडू कोसळलं. डॉक्टरांनी पुन्हा मास्क चढवला. मिस्त्रीला आपण कुठे बघावं ते कळेना. एखाद्याच्या देव्हाऱ्यात चुकून पाऊल पडावं तसं त्याला झालं.

गाडी आली आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन गेली. मिस्त्रीने गॅसची मुख्य झडप बंद करून तिला तार बांधली, घर उघडं टाकून वारा खेळू दिला, आणि सुनेचा नवरा कामावरून धावत येईपर्यंत दोघं पायरीवर बसून राहिली.

चार-पाच दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. आजी घरी आल्या होत्या. मिस्त्रीने धुराड्याची नळी बदलली, तोंडावर नवी जाळी आणि घट्ट टोपण बसवलं. वारा उलटा आत शिरणार नाही अशा बेताने नळी वर चढवली. बिनवासाच्या त्या वायूची सूचना देणारा एक डबीएवढा भोंगा बैठकीच्या भिंतीवर लावला आणि तो वाजवून दाखवला. मग सुनेला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून हीटर पेटवायची, विझवायची सगळी रीत दोनदा करून घेतली.

आजी शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. आजोबा मात्र आतल्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हते.

"हीटरच्या जवळ फिरकत नाहीत," सून हळूच म्हणाली. "जेवतातसुद्धा आतच. बोलत नाहीत कुणाशी."

मिस्त्रीने आत मान घातली. "आजोबा, जरा या बाहेर. एक माणूस कमी पडतंय."

"सून आहे की."

"तिला ज्योतीवर लक्ष ठेवायचंय. मला नळीचं बघायचंय. या."

आजोबा आले, अंग चोरून. मिस्त्रीने हीटर लावला होता. निळी रांग सरळ उभी होती, पापणीही न हलवता. त्याने कागदाची एक सुरळी पेटवली, फुंकून विझवली आणि तिचं धुमसतं टोक वर करून आजोबांच्या हातात दिली.

"ही त्या झाकणाच्या फटीशी धरा. धूर बाहेर आला तर नळी तुंबलीय. आत ओढला गेला तर घर नीट श्वास घेतंय. एवढंच बघायचं. दर हिवाळ्यात हे तुम्हीच बघायचं, मी आलो तरी."

आजोबांनी ती चिमटीत धरली. धुराची रेघ थरथरत होती, हवेत वेडीवाकडी अक्षरं काढत होती. त्यांनी सुरळी फटीजवळ नेली. क्षणभर धूर तिथेच घुटमळला, विचार करत असल्यासारखा. सून ज्योतीकडे बघत उभी होती. मिस्त्रीची बायको भिंतीला टेकून, डोळे मिटून, नाक वर करून.

मग धूर वाकला. पाण्याची धार वळावी तसा वळला आणि फटीतून अलगद आत शिरला. त्याच्या मागोमाग आणखी, मग आणखी. आजोबा बघतच राहिले. त्यांच्या तोंडाचा आ झाला होता. सुरळी जळत खाली आली तरी त्यांचा हात हलेना. एवढासा धूर, पण त्याला वाट ठाऊक होती, आणि तो मुकाट्याने त्या वाटेने बाहेर जात होता.

"वास नाही," मिस्त्रीच्या बायकोने डोळे न उघडताच सांगितलं. "धूळ जळतेय जराशी. बस्."

"आता पुरे," खुर्चीतून आजी म्हणाल्या. "हात भाजेल तुमचा."

आजोबांनी सुरळी खाली केली. बशीत टेकवली. मग जागा शोधत असल्यासारखे जरा वेळ उभे राहिले, आणि आजींच्या खुर्चीशेजारचं स्टूल ओढून हीटरकडे तोंड करून बसले.

परतताना उन्हं कलली होती. मिस्त्रीने स्कूटर उतारावर सावकाश सोडली. एरवी फाटकाबाहेर पडताच मागून सुरुवात व्हायची. आज बायको गप्प होती.

बराच रस्ता मागे पडल्यावर त्यानेच विचारलं, "आजींनी खरंच सांगितलं असेल का गं त्यांना? भोक बुजवा म्हणून?"

वाऱ्याचा आवाज तेवढा कानांत भरत होता.

"नाकाला एवढं नाही कळत," ती म्हणाली.

पुढे चढ लागला. वारा समोरून यायला लागला तशी ती पुढे सरकली, दोन्ही हात त्याच्या कोटाच्या खिशांत घातले आणि डोकं टेकलं. तिच्या नाकाचं गारढोण टोक त्याच्या उघड्या मानेला लागलं. तो शहारला, पण काही बोलला नाही. चढ संपेपर्यंत त्याने मान जराही हलू दिली नाही.